मान सोडवणारं वाक्य

तिचे वडील एका वकिलाकडे कारकून होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची भांडणं कागदावर उतरवली, त्यामुळे असेल, घरातही ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखे बोलत. बायकोने विचारलं, संध्याकाळी लवकर याल का, तर म्हणत, तसं ठरवून सांगता येणार नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का, यावर उत्तर यायचं, वाईट आहे असं म्हणता येणार नाही. आई वैतागून म्हणे, या माणसाने लग्नालासुद्धा हो म्हटलं नव्हतं, फक्त हरकत घेतली नव्हती.

थोरल्या मुलीवर त्यांचा जीव होता, पण जीव लावायची त्यांची रीत म्हणजे उलटतपासणी. शाळेतून येऊन तिने काही सांगितलं की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, हे तू स्वतः ऐकलंस की कुणी सांगितलं? नक्की काय शब्द होते? ती चिडून एखादी गोष्ट ठासून बोलली, की ते बोट उचलत. "शब्द असा टाकावा," ते म्हणत, "की उद्या कुणी तो गळ्यात अडकवायला आला तर मान सोडवून घेता आली पाहिजे."

मुलगी हुशार होती, लवकर शिकली. शाळेत तिच्यावर कधी आळ आला नाही आणि कुणाशी तिचं घट्ट गूळपीठही जमलं नाही. आयुष्यात एकच गोष्ट तिने आडपडदा न ठेवता सांगितली, की मी सैन्यात जाणार. वडिलांनी त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला. पण रागापेक्षा त्यांना नवल जास्त वाटत होतं. पोरीने त्यांच्या घरात राहून असं सरळ वाक्य कुठून पैदा केलं, हे त्यांना कळेना.

प्रशिक्षणात ती धावण्यात बरी होती, नकाशा वाचण्यात पहिली होती. बोलण्याचीही तिला भीती नव्हती. आवाज स्वच्छ, उभं राहणं ताठ, हात जागच्या जागी. तिच्या शिक्षकांनी शेवटच्या शेऱ्यात लिहिलं होतं, उत्तम बोलते, परंतु काय बोलली ते नंतर आठवत नाही. तिने घरी फोन करून पहिले दोन शब्द सांगितले आणि पुढचे गिळले.

कॅप्टन झाल्यावर तिची नेमणूक एका ब्रिगेडच्या मुख्यालयात झाली, माहिती विभागात. हवामान, रस्ते, पूल, नद्यांचं पाणी, हे सगळं गोळा करून रोज सकाळच्या ब्रीफिंगमध्ये कमांडरसमोर मांडायचं, हे तिचं काम. खोली लांबट होती, खिडक्या बाहेरून रंग मारून आंधळ्या केलेल्या. भिंतीवर प्लॅस्टिक चढवलेला नकाशा, समोर लांब टेबल, टेबलाभोवती हुद्द्याप्रमाणे खुर्च्या. बोलणाऱ्याने नकाशाच्या उजव्या अंगाला उभं राहायचं. तिथली फरशी घासून गुळगुळीत झाली होती. इतकी माणसं तिथे उभी राहून पायावरचा भार बदलत असत.

कमांडर ब्रिगेडियर होता. त्याला पाठीमागे सगळे 'गिरणी' म्हणत, कारण त्याच्यासमोर काहीही टाका, पीठ होऊनच बाहेर पडे. माणूस मूर्ख नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. पण समोरचा बोलायला लागला की त्याला कुठे दाबलं तर कळ येते एवढंच तो शोधत बसे. लोक बोलत असताना तो ब्लेडने पेन्सिल तासायचा. तासणं थांबलं की समजायचं, आता आपली वेळ भरली. एका तोफखान्याच्या अधिकाऱ्याला त्याने नकाशावरचं एक गाव दाखवायला सांगितलं आणि त्या बिचाऱ्याचं बोट थरथरताना बघून म्हणाला, की गाव राहू द्या, आधी स्वतःचं बोट शोधा. सगळे हसले. त्या खोलीत हसणं हीसुद्धा एक हजेरीच होती. जो हसला नाही, त्याची पाळी पुढे.

आणि इतरांना ते मनापासून आवडायचं, हे जास्त वाईट. दुसरा दळला जात असला की उरलेल्यांच्या चेहऱ्यावर आपण सुटल्याची तुकतुकी येई. चहाच्या टेबलावर मैत्री करणारी माणसं त्या खोलीत एकमेकांकडे खाटकाच्या दुकानातल्या बोकडांसारखी बघत.

कॅप्टन बाईंनी तिथे पाय रोवले ते वडिलांच्या विद्येवर. तिची वाक्यं साबणासारखी होती. 'पाऊस पडू शकतो किंवा न पडण्याचीही स्थिती संभवते.' 'रस्ता सर्वसाधारणपणे वापरण्याजोगा आहे.' गिरणीला त्यात दात रोवायला जागा सापडेना. तो तिला 'वेधशाळा' म्हणायचा, दोन टोमणे मारायचा आणि पुढच्याकडे वळायचा. बाकीचे जळायचे. इंजिनिअरांचा मेजर एकदा तिला तोंडावर म्हणाला, की तुमचं बरं आहे, तुम्ही काही म्हणतच नाही, मग धरणार कुठे? तिने ते कौतुक म्हणून घेतलं.

मग नदी ओलांडण्याचा सराव आला. ब्रिगेडने उथळ जागेवरून ट्रकांसह नदी पार करायची आणि पलीकडच्या टेकड्यांवर पोचायचं, असा तो सराव. तो आधीच दोनदा पुढे ढकलला गेला होता. सगळ्यांच्या रजा त्याच्यामागे अडकल्या होत्या. मेजरच्या धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्या आठवड्यात कुणी 'उशीर' हा शब्द उच्चारला असता तर लोकांनी त्याला उभा चिरला असता.

आदल्या दिवशी दुपारी ती स्वतः नदीवर गेली. जीप चालवायला एक ड्रायव्हर होता. पन्नाशीकडे झुकलेला, जाडजूड. गाडी सुरू करताना तिच्या बॉनेटवर थाप मारून तिला 'चल गं माझे आई' म्हणायचा. त्याला सगळे वस्ताद म्हणत. काठावर उतरल्यावर दोघांनी पाणी पाहिलं. सकाळच्या पाहणीत तळाचे गोटे दिसले होते, ते आता दिसत नव्हते. पाण्याला मातकट रंग आला होता आणि कडेने पालापाचोळा, काटक्या वाहत होत्या. तिने तिथूनच वरच्या धरणाच्या कार्यालयात फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, की साहेब जागेवर नाहीत, लेखी हुकूम अजून नाही, पण धरण काठोकाठ आहे, उद्या सकाळी दरवाजे उचलतीलच, उचलल्याशिवाय गत्यंतर नाही.

तिने फोन खिशात ठेवला. वस्तादने विचारलं, "मॅडम, उद्या इथूनच जायचंय का आपल्याला?" सरावात पहिला ट्रक तोच चालवणार होता.

"बघू," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने एका कार्डावर दुसऱ्या दिवसाचं पहिलं वाक्य लिहिलं. 'आज नदी ओलांडू नये.' त्याखाली कारणं लिहिली. पाण्याचा रंग, धरणाची पातळी, फोनवरचं बोलणं. कार्ड वाचून तिला जरा भीती वाटली आणि जरा बरंही वाटलं. आपल्याच हाताचं असं अक्षर तिने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

सकाळी खोलीत आधी मेजरची पाळी होती. त्याचे दोन तराफे दुरुस्तीला गेले होते आणि ते त्याने शेवटी सांगितलं. गिरणीचं तासणं थांबलं. पुढे जे झालं ते बघवत नव्हतं. ब्रिगेडियरने त्याला विचारलं, की बहिणीच्या लग्नातही नवरदेव दुरुस्तीला गेलाय हे जेवणं झाल्यावर सांगणार का. मेजर लाल होऊन बसला. बसता बसता त्याने कॅप्टनकडे असं पाहिलं, की आता तू काही फाटे फोडलेस तर याद राख.

ती उभी राहिली. कार्ड हातात होतं.

"वेधशाळा," ब्रिगेडियर म्हणाला, "ढग किती, पाखरं किती, हे आज नको. आज निघायचंय."

ठरवलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं. पण खोलीतले सगळे चेहरे ते वाक्य येऊ नये म्हणून दारं लावून बसल्यासारखे होते. तिने वाऱ्यापासून सुरुवात केली. मग तापमान. मग पलीकडच्या रस्त्याची स्थिती. आणि मग, त्याच आवाजात, त्याच चालीवर ती म्हणाली, "वरच्या धरणातून पाणी सोडलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्या दृष्टीने योग्य ती खबरदारी घेणं उचित ठरेल."

पेन्सिल तासणं चालूच राहिलं. ब्रिगेडियर वरही न बघता म्हणाला, "शक्यता कशाचीच नाकारता येत नाही. मी उद्या साधू होऊन जंगलात जाण्याचीसुद्धा." खोली हसली. "अजून काही?"

"नाही सर," ती म्हणाली आणि खाली बसली. बसल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं. हे तिला पुढे कधीच विसरता आलं नाही. खाली बसताना तिला खरोखर हायसं वाटलं होतं.

पहिला ट्रक पाण्यात शिरला तेव्हा पाणी चाकांच्या मध्यापर्यंत होतं. नदीच्या मधोमध असताना वरून लोंढा आला. फार मोठा नव्हता, पण त्या उथळ जागेला तेवढा पुरेसा होता. ट्रक आडवा झाला. मागे बसलेल्यांनी उड्या टाकल्या आणि ते काठावरून टाकलेल्या दोराला धरून काठाला लागले. वस्ताद केबिनमध्ये अडकला. त्याला बाहेर काढेपर्यंत उपयोग उरला नव्हता.

दोन दिवसांनी त्याची बायको त्याचं सामान न्यायला छावणीत आली. तिच्याबरोबर कुणीतरी अधिकारी बसायला हवा होता. पुरुषांपैकी कुणाचं धाडस होईना, तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं, की आपल्याकडे कॅप्टन बाई आहेत. भेटीच्या खोलीत एक टेबल, दोन लोखंडी खुर्च्या. वस्तादची बायको घरी शिवणकाम करायची. तिच्या बोटाच्या पेरांना सुईने पडलेल्या बारीक खुणा होत्या. तिने चहाला हात लावला नाही. रडतही नव्हती. कॅप्टनने सांत्वनाचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिने हाताने थांबवलं.

"त्यांनी आदल्या दिवशी फोन केला होता," ती म्हणाली. "मॅडमबरोबर नदी बघून आलो म्हणाले. त्या मॅडम तुम्हीच?"

"हो."

"पाणी येणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

एवढ्यात कॅप्टनच्या मनात सवयीने चार वाक्यं तयार झाली. चारही सुरक्षित होती. समोरची बाई त्यांची वाट बघत असल्यासारखी बसली होती. "माहीत होतं," कॅप्टन म्हणाली.

"कुणाला सांगितलंत?"

"सांगितलं. ब्रीफिंगमध्ये म्हटलं, की पाणी येण्याची शक्यता..." इथे तिचं तिलाच पुढे बोलवेना.

"घरात साप निघाला तर काय म्हणता तुम्ही?" बाईने विचारलं. "शक्यता म्हणता? साप निघाला तर 'साप, साप' म्हणून ओरडतात. अडाणी माणूसही ओरडतं. तुम्ही का ओरडला नाहीत?"

बाईने नवऱ्याची पत्र्याची पेटी ओढून घेतली. कॅप्टन मदतीला वाकली तशी ती म्हणाली, हात लावू नका. पेटी जड होती. व्हरांड्यातून फाटकापर्यंत बाईने ती एकटीने नेली, मध्ये दोनदा टेकवून. पहाऱ्यावरचे शिपाई बघत उभे राहिले आणि कॅप्टनही.

चौकशी बसली. तीन सदस्य, अध्यक्ष एक कर्नल, गोड बोलणारा. वडिलांना बातमी कळली होती. त्यांचा फोन आला. घडलं ते वाईट झालं म्हणाले आणि लगेच मुद्द्याला आले. ब्रीफिंगची टिपणं ठेवली जातात का? ठेवली जातात. त्यात तुझं वाक्य आहे का? आहे. वडिलांनी दीर्घ श्वास सोडला. "मग कागद तुझ्या बाजूने आहे. इशारा दिलेला आहे. त्याच्यापुढे एक अक्षर जास्त बोलू नकोस." त्यांच्या आवाजात तिला समाधान ऐकू आलं. इतकी वर्षं शिकवलेलं मुलीने ऐन वेळी वापरलं होतं.

आणि ते खरंच होतं. वाक्य इतकं बेमालूम होतं की त्याने सगळ्यांचीच मान सोडवली होती. ब्रिगेडियरने चौकशीत सांगितलं, की धोक्याची स्पष्ट सूचना मला मिळाली नाही. ते खोटं नव्हतं. मेजरने सांगितलं, की खबरदारीचा मोघम उल्लेख झाल्याचं स्मरतं. इतरांनी मान डोलावली. कॅप्टनने इशारा दिलेला, कमांडरला तो स्पष्ट न वाटलेला, म्हणजे दोघेही निर्दोष. उरला मेलेला ड्रायव्हर. कुणीतरी हळूच असंही सुचवलं होतं, की त्याने गाडी जरा डावीकडे घेतली.

तिला आत बोलावलं. ब्रिगेडियर बाजूच्या खुर्चीत बसला होता, हात मांडीवर. अध्यक्षांनी टिपणातलं वाक्य वाचून दाखवलं आणि प्रेमळपणे विचारलं, "तुम्ही पाण्याबद्दल इशारा दिला होता, बरोबर?"

"नाही सर," ती म्हणाली. "नदी ओलांडू नये, हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. ते मी सांगितलं नाही."

"पण इथे तर तुमचं वाक्य आहे."

"ते वाक्य मी मला वाचवायला बोलले. ट्रकला वाचवायला नाही."

अध्यक्षांनी लेखनिकाकडे बघून लिहिणं थांबवायची खूण केली. ती थांबली नाही. "लिहा," ती म्हणाली. "आणि हेही लिहा, की त्या खोलीत सरळ बोलणाऱ्याची रोज सकाळी सालं काढली जायची. साहेबांना स्पष्ट सूचना मिळाली नाही, कारण स्पष्ट सूचना देणारा माणूस त्यांनी शिल्लकच ठेवला नव्हता. माझा दोष माझा आहे. तो मी त्यांच्यावर ढकलत नाही. त्यांचा त्यांनी घ्यावा."

ब्रिगेडियर उठून उभा राहिला. त्याने एका शब्दात तिला काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण ते टिपणात आलं आणि त्याच्याच अंगाशी आलं.

निकाल लागला. तिच्यावर ठपका आला आणि बढती खुंटली. ब्रिगेडियरला कुठल्याशा कार्यालयात टेबल देण्यात आलं, जिथे त्याच्या हाताखाली फक्त फायली होत्या. यावर छावणी खूश झाली असेल असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. त्याच्या जात्यात रोज भरडले जाणारे लोकच म्हणू लागले, की माणूस कडक होता पण आपला होता. स्वतः बुडाली ती बुडाली, साहेबांनाही घेऊन बुडाली. जेवणाच्या हॉलमध्ये ती बसली की शेजारची खुर्ची रिकामी राही. मेजर तिच्यासमोरून ताट उचलून पलीकडे जाई आणि ताट मुद्दाम जरा आपटून ठेवी. वडिलांनी फोन केला तो शिव्या द्यायला. इतक्या वर्षांत त्यांचं एवढं खणखणीत बोलणं तिने पहिल्यांदाच ऐकलं. "सोन्यासारखा कागद होता," ते ओरडले. "सोन्यासारखा कागद फाडलास तू." त्यानंतर ते तिच्याशी फक्त तब्येतीपुरतं बोलत.

तिने एकदा वस्तादच्या घरी जाऊन पाहिलं. दार त्याच्या बायकोनेच उघडलं. शिलाई मशीन आत चालू होतं, मुलगी चालवत होती. चौकशीत काय झालं ते बाईच्या कानावर आलं होतं. ती म्हणाली, "खरं बोललात. उशिरा बोललात." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. रोज लावतात तसं लावलं.

पुढे कॅप्टनची बदली एका प्रशिक्षण शाळेत झाली, नव्या अधिकाऱ्यांना ब्रीफिंग शिकवायला. ज्या गोष्टीत ठपका आला तीच शिकवायला पाठवलं, यात वरच्यांचा विनोद होता की शहाणपण, ते त्यांनाच ठाऊक. तिने ते काम अंगावर घेतलं आणि पोरांना अक्षरशः सळो की पळो करून सोडलं.

तिच्या वर्गात उभं राहणाऱ्याच्या हातात कागद चालत नसे. पहिल्या वाक्यात काय करायचं किंवा काय करायचं नाही ते आलं पाहिजे. कारणं त्याच्यामागून, आणि तीही मोजकी. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे, पण ओरडून नाही, शब्द तोडून. नकाशाकडे तोंड करून बोलायचं नाही, नकाशा काही प्रश्न विचारत नाही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं आणि कधीपर्यंत कळेल ते सांगायचं. 'शक्यता', 'उचित', 'सर्वसाधारणपणे', हे शब्द कुणाच्या तोंडून निघाले की ती दोन बोटं कात्रीसारखी मिटायची आणि म्हणायची, पुन्हा पहिल्यापासून. एका पोराला तिने एकच वाक्य इतक्या वेळा बोलायला लावलं, की त्याच्या पायात गोळे आले. एका मुलीला सगळ्यांसमोर म्हणाली, की तुझं बोलणं म्हणजे सुतळीचा गुंडा आहे, टोक सापडत नाही. ती मुलगी स्वच्छतागृहात जाऊन रडली. तक्रारी वर गेल्या. शाळेच्या प्रमुखाने बोलावून तिला जरा सबुरीने घ्यायला सांगितलं. ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तशीच वागली.

पोरं तिला 'कात्री' म्हणत. तिचा भूतकाळ त्यांना माहीत नव्हता आणि तिने सांगितलाही नाही. त्यांना एवढंच दिसायचं, की एक बाई, बढती अडकलेली, कुणाशी न हसणारी, रोज सकाळी येऊन आपली चामडी सोलते.

एक दिवस एका उंच, हाडकुळ्या पोराची पाळी होती. विषय साधा होता, एका पुलाची पाहणी. पोरगा पुढे आला, खांदे सरळ केले, नकाशाकडे पाठ केली आणि थेट तिच्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवत नाही, कुणाचा तरी राग आमच्यावर काढता."

तिचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो तिने तसाच घट्ट धरला. हाकलून द्यायचा अधिकार तिला होता आणि क्षणभर तोंडात तेच आलं होतं.

"कारणं?" तिने विचारलं.

पोरगा गडबडला नाही. "कारण पहिलं, चूक दाखवताना तुम्ही वाक्य नाही, माणूस तोडता. दुसरं, बरोबर आलं तर तुम्ही काही बोलत नाही, त्यामुळे बरोबर काय ते आम्हाला कळत नाही. तिसरं, तुम्ही आजवर एकदाही आमच्यासमोर उभं राहून ब्रीफिंग दिलेलं नाही."

"मग काय करावं?"

"उद्या तुम्ही द्यावं. आम्ही कापू."

पोराच्या डोळ्यांत आदर नव्हता, मैत्री तर नव्हतीच. ती त्या पोरावर चिडली होती आणि चिडलेलीच राहिली. पण वाक्यात खोट काढायला तिला जागा सापडेना. "बसा," ती म्हणाली. "उद्या."

नदीच्या त्या सकाळनंतर ती कुणासमोर ब्रीफिंगला उभी राहिली नव्हती, हे त्या संध्याकाळी खोलीत एकटी बसल्यावर तिच्या लक्षात आलं. शिकवायला उभं राहणं वेगळं. तिने विषय निवडला तो खराच. पुढच्या आठवड्यात मुलांना डोंगरातल्या वाटेने लांब चालत न्यायचं होतं. ती सकाळीच त्या वाटेवर जाऊन आली होती आणि मधला झरा आटलेला होता.

दुसऱ्या दिवशी वर्ग वेळेआधीच भरला. पोरं खुर्चीत पुढे सरकून बसली होती, दोन बोटं तयार ठेवून. ती पुढे आली. तळहात ओले झाले होते, ते तिने पॅन्टला पुसले नाहीत, कारण त्यांनी ते पाहिलं असतं.

"पुढच्या आठवड्याचा मार्च या वाटेने नेऊ नये," ती म्हणाली. "मधला झरा आटलाय. पुढचं पाणी टेकडीपलीकडे आहे आणि तिथे पोचेपर्यंत दुपार होईल. दुसरी वाट लांब आहे, पण तिच्यावर दोन विहिरी आहेत, त्या मी पाहिल्यात. त्या वाटेचा चढ सर्वसाधारणपणे..."

अख्ख्या वर्गाची बोटं एकदम मिटली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, पुन्हा पहिल्यापासून. पोरं हसली, आणि ते हसणं प्रेमाचं नव्हतं. स्वच्छतागृहात रडलेली मुलगी सगळ्यात मोठ्याने हसली. कॅप्टनला आपल्या मानेवर ऊन आल्यासारखं वाटलं. त्यांचं चुकलं नव्हतं. तो शब्द कापायलाच हवा होता.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चढ अवघड आहे, असं या वेळी म्हणाली आणि कुठून कुठपर्यंत ते नकाशावर दाखवलं. त्यांनी तिला आणखी एकदा अडवलं, ते उगाच होतं, आणि तिने ते उगाच आहे म्हणून सांगितलं. प्रश्न आले. काहींना उत्तरं होती. एकाला ती म्हणाली, की माहीत नाही, संध्याकाळपर्यंत सांगते. शेवटी ती टेबलाला टेकली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हाडकुळा पोरगा म्हणाला, "पहिलं वाक्य बरोबर होतं, मॅडम."

दुपारी तिने तेच ब्रीफिंग शाळेच्या प्रमुखाला दिलं. त्याला वाट बदलणं नको होतं. सगळी व्यवस्था झाली होती, वरिष्ठ बघायला येणार होते. तो वैतागला, घड्याळाकडे पाहत राहिला, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत अडचणच का दिसते असंही म्हणाला. तिने पहिलं वाक्य पुन्हा एकदा जसंच्या तसं म्हटलं. त्याने वाट बदलली आणि त्या वर्षीच्या तिच्या अहवालात 'हेकट' असा शेरा मारला.

पोरं दुसऱ्या वाटेने गेली. चढाने दमली, तिच्या नावाने बोटं मोडत चढली, विहिरीवर पोटभर पाणी प्यायली. जुनी वाट कशी होती ते त्यांनी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे तिचे आभार मानण्याचा प्रश्न नव्हता. ती सगळ्यांच्या मागून चालत होती. तिच्याशी बोलायला कुणी मागे रेंगाळलं नाही. विहिरीवर तिची पाळी आली तेव्हा बादलीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं. तिने दोर पुन्हा खाली सोडला आणि स्वतःसाठी बादली भरून वर ओढली.